अनारशांचं ठिकाण

महिला मंडळाच्या फराळ-स्पर्धेचे फोटो ग्रुपवर टाकण्याआधी त्यांत दडलेली तारीख आणि ठिकाण पुसायचं काम शुभांगीकडे होतं. धाकट्या जावेच्या अनारशांची जाळी बघून तिचा नुसता जळफळाट झाला. जिची साधी पोळी फुगत नाही, ती अनारसे काय तळणार? विकतचेच असणार!

दुकान सापडेल म्हणून तिने फोटोचा तपशील उघडला. ठिकाण निघालं वाई, तिच्याच माहेरची गल्ली. तारीख गेल्या रविवारची.

तिने तडक आईला फोन लावला.

"अगं, तुला म्हटलं ये, शिकवते, तर तुला वेळ नव्हता. ती म्हणाली, मावशी, मी येऊ? दिवसभर होती. येत्या रविवारी परत येणार आहे, चिरोटे शिकायला. गुणाची पोर हो!"

शुभांगीने ठिकाण पुसलं, तारीखही पुसली, नियमच होता. मग बॅग भरायला घेतली. येत्या रविवारी जावेच्या आधी वाई गाठायची होती.