डोमाजी बरे झाले

"रात्री झोप कशी लागते, काका?"

"पडल्याबरोबर लागते, म्याडम."

वर्षालीने टॅबवर बोट टेकवलं. अकोल्याच्या त्या व्यसनमुक्ती केंद्रात ती समुपदेशक होती आणि ही प्रश्नावली यंदाच वरून आली होती. पेशंट सुधारला असं नुसतं म्हणून आता भागणार नव्हतं, मोजून दाखवायचं होतं. झोप, जेवण, कामधंदा, मन, सगळ्याला गुण. बाकीचे पेशंट जाम वैतागायचे. "म्याडम, सोयरीक जुळवून राह्यल्या का?" असंही एकाने विचारून झालं होतं.

डोमाजी मात्र खूश. अकोटहून सकाळच्या एसटीने यायचे, इस्त्रीचा सदरा घालून, आणि एकेक उत्तर पुरवून पुरवून द्यायचे. भूक लागते का विचारलं, की कालच्या भाजीत तिखट किती पडलं तिथपर्यंत जायचे. का नाही जाणार? चतुराबाई गेल्या त्या नवऱ्याची दारू सुटलेली न बघताच. मुलगा पिंटू सुरतेला, त्याने बापाचा फोन उचलणं केव्हाच सोडलेलं. दारू सुटली तसे गुत्त्यावरचे यारदोस्तही सुटले. गावातले लोक आता चांगलं बोलायचे, पण लांबूनच. डोमाजी जेवले का, हे अख्ख्या दुनियेत एकटी वर्षाली विचारायची, तेही महिन्यातून एकदा.

शेवटचा प्रश्न झाला आणि टॅबचा पडदा हिरवा झाला. वर्षाली खुर्चीतून उठलीच.

"काका, जिंकलात! आपल्या केंद्रातले पहिले तुम्ही."

"म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही बरे झालात. केस बंद. आता एवढ्या लांब यायची गरज नाही."

शाल आणि नारळ कपाटात तयारच होते. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. फोटोत सगळे हसत होते, एक डोमाजी सोडून. माणूस गहिवरला, असं वर्षालीला वाटलं.

सगळे पांगल्यावर डोमाजी पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसले.

"म्याडम, एक उत्तर चुकलं. मी पेलो होतो. परवा."

"काका!"

"खरंच सांगतो. लय पेलो. लिवा."

वर्षालीला हसूच आलं. "तुम्हाला धड खोटंही बोलता येत नाही हो. डोळे स्वच्छ, हात कापत नाही, तोंडाला वास नाही. जा बरं, सुखाने राहा. ही वेळ आता दुसऱ्या कोणाला तरी देऊ."

तिचंही काही चूक नव्हतं. बाहेर बाकावर माणसं ताटकळली होती. डोमाजी दारापर्यंत गेले, एकदा वळले आणि निघून गेले. त्यांना रडू येत होतं. पण शाल पांघरलेला, बरा झालेला माणूस रस्त्यात रडला तर लोक काय म्हणतील, म्हणून त्यांनी आवरलं. एसटी स्टँडवर अकोटची गाडी लागलेली होती. कंडक्टर हाका मारत होता. डोमाजी गाडीत चढले नाहीत.

दुपार कलली. वर्षाली टॅब बॅगेत ठेवत होती, तेवढ्यात दार ढकललं गेलं. आधी वास आला. मागोमाग भिंत धरत डोमाजी आले. त्यांनी तिच्यासमोरच्या खुर्चीत कसंबसं अंग टाकलं, सदरा नीट केला आणि समाधानाने तिच्याकडे बघितलं.

"आता इचारा, म्याडम," ते म्हणाले. "पयल्यापासून."