एकीपुरती लस

कोलझर गावच्या आरोग्य केंद्रात आता औषधांचं कपाट नव्हतं. कुणाला कधी काय लागणार, हे यंत्रणेला आधीच कळायचं आणि ड्रोन तेवढंच आणून ठेवायचा. त्या दुपारी सर्पदंशावरच्या लशीची पेटी उतरली, तेव्हा नर्स मंदाकिनी तांडेल सलाईन तयार ठेवून वाट पाहत बसल्या.

तासाभरात दशरथ गवस बायकोला आणि सात वर्षांच्या मुलीला रिक्षातून घेऊन आला. काजूच्या बागेत एकच साप दोघींना डसला होता. पेटीतली लस मात्र एकीपुरतीच होती. वाटून दिली असती तर दोघीही गेल्या असत्या.

मंदाकिनींनी मुख्यालयाला स्पीकरवर फोन लावला. "पेशंट दोन आहेत. आणखी एक पेटी पाठवा."

"आम्हाला माहीत आहे," पलीकडचा अधिकारी म्हणाला. "मुलगी लस देऊनही वाचणार नाही, असा अंदाज आहे. वाया जाणारा माल यंत्रणा पाठवत नाही."

मुलीच्या आईनं ते ऐकलं. "बाय, तिकाच देवा," ती हळूच म्हणाली.

मंदाकिनींनी मुलीला लस दिली. संध्याकाळी आई गेली. मुलगी पहाटे शुद्धीवर आली.

सकाळी यंत्रणेचा अहवाल आला. एक पेटी पाठवली, एक रुग्ण वाचला. अंदाज अचूक.