उजवं दार

म्हाताऱ्या एमस सुताराने कपाटावरची चादर ओढली आणि हेस्टर किंचाळलीच. "अगं बाई! हे माझं चित्र!"

आजवर कागदावरच राहिलेल्या तिच्या रेषा महोगनीत उतरून समोर उभ्या होत्या. डाव्या दारावर द्राक्षवेल, इतकी टपोरी की घड तोडून घ्यावा. उजव्या दारावर साध्या सरळ पट्ट्या.

डावं एक, उजवं भलतंच!

लँकेस्टरच्या त्या फर्निचरच्या कारखान्यात एकाच चित्रात दोन नमुने काढत. अर्धं असं, अर्धं तसं. गिऱ्हाइकाने निवड केली की नको त्या अर्ध्यावर कोरा कागद चिकटवायचा, मगच चित्र खाली सुताराकडे धाडायचं. कप्तान फॉसेटनी वेल निवडली होती. पण पट्ट्यांवर कागद डकवायला हेस्टरचा हातच धजेना. आज लावू, उद्या लावू म्हणता म्हणता चित्र तसंच खाली गेलं.

"एमसकाका, तुम्हाला विचित्र नाही वाटलं?"

"वाटलं की. पण झाकलं नाही म्हणजे दोन्ही हवं. चाळीस वर्षं असंच करतोय." मग म्हातारा हळूच हसला. "आणि खरं सांगू पोरी? हात नुसता नाचत होता."

मालक आले ते लालबुंद होऊनच. "कपाट पसंत पडलं तर चित्रखोलीतलं स्टूल कायमचं तुझं, म्हणालो होतो. हे असलं ध्यान कोण घेणार? जा, गाद्या शिवायला बस!"

तेवढ्यात कप्तान आले, मागोमाग त्यांची बायको.

"हे काय? या पट्ट्या कुणी सांगितल्या?"

"चूक माझी आहे," हेस्टर पुढे झाली. "मला दोन्ही आवडली होती."

फॉसेटबाई नमुना निवडायच्या दिवशीही आल्या होत्या, पण चकार शब्द बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "मी सांगितल्या असत्या. कुणी विचारलं असतं तर."

"अगं, मग बोलायचं नाहीस का?"

"तुम्ही बोलत होतात ना."

बाईंनी उजवं दार उघडलं, हातमोजे काढून आत ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत घेऊन मालकांना विचारलं, "घरी कधी पाठवताय?"

एमस हेस्टरच्या कानाशी लागला. "उभी काय राहिलीस? जा, स्टूल पुसून घे."