घरी काय राहिलं

"खोटं," मॅडम म्हणाल्या आणि त्यांचं बोट थांबलं.

वर्गात आठच जण होते. प्राचीन ग्रीक महाकाव्य शिकायला आठ म्हणजे गर्दीच म्हणायची. मॅडमची तऱ्हा वेगळी होती. वर्गात कागद बंद. ते जुने कवी काही लिहून आणत नसत, तोंडानेच रचत. तुम्हीही तसंच रचा. एकेकाने उभं राहून ओळी म्हणायच्या आणि मॅडम बोटाच्या पेराने टेबलावर ठेका धरायच्या. एक लांब, दोन आखूड. ओळ खोटी वाटली की बोट थांबायचं. बोट थांबलं की नापास.

"त्या युद्धात शेकडो माणसं मरतात," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "कवी एकेकाला दोन-चार ओळी देतो आणि तेवढ्यात तीन गोष्टी सांगतो. घाव कुठे बसला, अंगावर काय होतं आणि घरी काय राहिलं. परीक्षेला तुम्हीही एक मरण रचायचं. बघणाऱ्यालाच ठाऊक असेल, असं काहीतरी त्यात मला हवं."

बाकीचे सुटले. कुणी आजोबांचं मरण रचलं, कुणी शेजारणीचं. एकीने तर पाळलेल्या मांजराचं रचलं आणि तीही पास झाली. उरला सारथी.

सारथी हे वर्गाने ठेवलेलं नाव. पहिल्या वर्षी तो वडिलांची गाडी घेऊन यायचा आणि संध्याकाळी सगळ्यांना दारापर्यंत सोडायचा. गेल्या वर्षी एकाएकी पायी यायला लागला. गाडी विकली म्हणाला. गाडी गेली, नाव तेवढं चिकटून राहिलं. आता हा त्याचा शेवटचा विषय होता. तो सुटला की पदवी, आणि पदवी हातात पडली की समुद्रापलीकडची नोकरी. या गावातून एकदाचं निघून जायचं, याशिवाय त्याला काही नको होतं.

आधीच्या खेपांनाही त्याने वीर मारून पाहिले होते. छातीत भाला, डोळ्यांपुढे अंधार. आजचाही तसाच पडला.

"तुझे वीर कपड्याच्या दुकानातल्या पुतळ्यांसारखे पडतात रे," मॅडम म्हणाल्या. "उचलून पुन्हा उभे करावेत. कुणाला मरताना पाहिलंयस का कधी?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या याच वर्षी या कॉलेजात आल्या होत्या. घरी कोण असतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. यांच्या घरी शब्दकोश राहत असणार, असं मुलं म्हणायची.

"अजून एकदा म्हणू, मॅडम?"

"म्हण. ही शेवटची खेप."

सारथीकडे एक मरण होतं. वर्षभर त्याने ते कुलूप लावून ठेवलं होतं. उताराचं वळण, पहाट, त्याची भरधाव गाडी आणि समोरून सायकलवर आलेला एक मुलगा. मुलाचं नाव कळू नये म्हणून त्याने त्या आठवड्यात वर्तमानपत्रही उघडलं नव्हतं. आता त्याने झटपट हिशेब केला. गाडीचा रथ करायचा, सायकलचा घोडा, मोज्यांची पायताणं. तीन हजार वर्षांपलीकडे नेऊन ठेवलेलं मरण कोण ओळखणार? स्वतःच्या हुशारीचं त्याला कौतुकच वाटलं.

"घोड्यावरून तो आला, पहाट फुटायच्या आत," त्याने सुरुवात केली. बोट चालू लागलं. "वळणावर त्याला गाठलं रथाने. घाव बसला कानामागे, उजव्या. एका पायात निळं पायताण, दुसऱ्यात लाल पट्ट्यांचं, अंधारात चाचपडत चढवलेलं..."

बोट थांबलं.

पदवी, नोकरी, समुद्र, सगळं त्या बोटाखाली चिरडलं गेलं.

"खोटं नाही, मॅडम," तो घाईने म्हणाला. "वेगवेगळीच होती. शप्पथ. ऐका ना पुढे."

मॅडमचं बोट टेबलावर तसंच होतं. "लगेच गेला तो?" त्यांनी विचारलं.

"नाही ना, तेच तर!" आता सारथीला धीर आला. मॅडमना खरं हवं होतं आणि खऱ्याला त्याच्याकडे तोटा नव्हता. "बराच वेळ होता. सारथी खाली उतरला, जवळ बसला. मुलाने त्याची बाही धरली. म्हणाला, आईला सांगू नका, तिला न विचारता आलोय. सारथीने बाही सोडवून घेतली. रथ हाकला तेव्हा मुलाचे डोळे उघडेच होते. मागून हाक मारत होता."

मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच "वा" म्हणालं.

"पास," मॅडम म्हणाल्या.

सारथी मटकन बाकावर बसला. वर्षभर छातीवर असलेला दगड उतरावा तसं त्याला वाटलं. शेजारच्याने पाठीवर थाप मारली. आपण हे आधीच का नाही केलं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

"घाव सांगितलास, अंगावरचं सांगितलंस," मॅडम म्हणाल्या. त्यांनी बोट उचलून दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं होतं. "घरी काय राहिलं, ते नाही सांगितलंस."

"ते मला कुठून ठाऊक असणार, मॅडम?" सारथी हसत म्हणाला.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्या खणात दोन मोजे राहिलेत. एक निळा, एक लाल पट्ट्यांचा."