मंगळवारचे चार

"आई, दर मंगळवारी चार वाजता तुला होतं तरी काय?" दवाखान्यातल्या बाकावर मुलानं मोबाइल तिच्या नाकाशी धरला. पडद्यावर तिच्याच काळजाची रेघ होती. सहा मंगळवार, सहा सुळके.

म्हातारीच्या छातीत, कातडीखाली, पेनाच्या टोपणाएवढं यंत्र बसवलं होतं. ठोके मोजायचे आणि दवाखान्याला कळवायचे, एवढंच त्याचं काम, असं तिला सांगितलं होतं. मेलं घरभर चहाड्या करतं, हे आज कळलं.

"जिना चढते मी," ती म्हणाली.

"चालणं-फिरणंही दिसतं यात. तू बसलेली असतेस."

म्हातारी ताडकन उठली आणि तपासणीच्या खोलीत शिरली. मुलगा मागोमाग निघाला, त्याला दारातच थोपवलं. "तू बाहेर बस. सगळीकडे काय मागं मागं!"

आत यंत्रं बघणारी मुलगी होती. "पोरी, माझ्या काळजाला कुलूप घाल. घरच्यांना काही दिसता कामा नये."

मुलीनं तिचं खातं उघडलं. मुलगा, सून, नातू, तिघं खुशाल येऊन जात होते. "आजी, पासवर्ड म्हणून तुमचं जन्मसाल घातलंय! हे तर सगळ्यांना माहीत असणार."

"मलाच नक्की माहीत नाही, यांना बरं माहीत!"

मुलगी हसली. "नवा घालू. घरात कुणाला सुचणार नाही असा शब्द सांगा. नावं नकोत हं. मुलाबाळांची नावं तर लोक आधी टाकून बघतात."

दर मंगळवारी चारला शेजारणीच्या फोनवरून म्हातारी एक नंबर फिरवायची. पलीकडून "हॅलो, कोण?" आलं की तेवढं ऐकायची आणि ठेवून द्यायची. नऊ वर्षांपूर्वी लेकीला घराबाहेर काढून हिनंच बजावलं होतं, "पुन्हा कुणी तिचं नाव घेतलंत, तर माझं मेलेलं तोंड बघाल." कुणी घेतलं नव्हतं. आता हे मंगळवार फुटले, तर घरात ताठ मानेनं वावरायची सोय उरली नसती.

"नावच घाल," ती म्हणाली. "आमच्यात हे कुणाला सुचायचं नाही. तसा बंदोबस्तच केलाय मी."

ती मुलीच्या कानाशी वाकली. ओठ हलले, आवाज फुटला नाही.

"ऐकू नाही आलं, आजी."

म्हातारीनं घसा खाकरला. मग ते नाव आलं ते थेट जुन्या सुरात, खेळायला गेलेल्या पोरीला जेवायला हाक मारावी तसं, खणखणीत. दाराबाहेर बाक करकरला. मुलगा उभा राहिला असावा.

"अहो, हळू!" मुलगी कुजबुजली. "आता बाहेर सगळ्यांना कळला की!"

म्हातारी खुर्चीत नीट टेकून बसली.

"मग दुसरा शोध," ती म्हणाली. "हा मला घरी लागणार आहे."