बदल जतन करायचे?

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले आणि त्यांचा कॉम्प्युटर तेव्हापासून चालूच. आज म्हटलं, बास! घरात आता यातलं फक्त मलाच कळतं, तर मीच बंद करणार. बटण दाबलं, तर स्वारी अडून बसली. 'बदल जतन करायचे?' खाली तीन पर्याय: हो, नाही, रद्द करा.

त्या चौकटीमागे बाबांनी माझ्या मुख्याध्यापिकाबाईंना लिहायला घेतलेलं पत्र उघडं होतं. 'माझ्या मुलीला सहलीला पाठवण्यास माझी काहीच' इथेच थांबलेलं.

"आई, 'हो' म्हणते गं. नाहीतर एक दिवस लाइट जाईल आणि सगळं पुसलं जाईल."

"नको. रद्द कर."

"अगं, रद्द केलं तर तो बंदच होणार नाही! तू हेच दाबत बसतेस की काय?"

"रोज येते बंद करायला. रोज तो विचारतो."

"मग सेव्ह कर ना! कायमचं राहील."

आईने माझ्या हातातून माउस काढून घेतला.

"राहील गं. पण मग बाबांचं लिहून झालं म्हणायचं."