नकाराची सोय

"यातलं ‘क्षमस्व’ काढता येईल का?" मालकीणबाईंनी विचारलं.

हॉटेलातली टेबलं ऑनलाइन राखून देणारी यंत्रणा विकायला आलेला हा पहिला माणूस. त्याच्या पडद्यावर लिहिलेलं होतं, ‘क्षमस्व, आज टेबल शिल्लक नाही.’ तो म्हणाला, माफी आतच बसवलेली आहे, निघत नाही. बाईंनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

दुसऱ्याची यंत्रणा नकार देऊन वर त्याऐवजी तीन मोकळ्या वेळा सुचवायची.

"सुचवायचं कशाला? नाही म्हणजे नाही."

"मॅडम, लोक हे घेतात ते गिऱ्हाईक आणायला."

"गिऱ्हाईक माझं मी आणीन. मला एकाला घालवायचंय."

तो एक म्हणजे बाईंचा सख्खा थोरला भाऊ. वडिलांचं जुनं हॉटेल तो चालवायचा, दोनच गल्ल्या पलीकडे. बाईंनी तिथल्या आचाऱ्याशी लग्न केलं आणि दादाचा आचारी आणि पारा एकाच दिवशी हलले. आचारी बाहेर गेला, पारा वर. लग्नाला वर्ष झालं तेव्हा नवराबायको मुद्दाम तिथे जेवायला गेले. दादा दारातच आडवा उभा राहिला. त्याच्या पाठीमागे अकरा टेबलं रिकामी होती.

"जागा नाही," तो म्हणाला.

त्याला सात वर्षं झाली. दोघांनी स्वतःचं हॉटेल काढलं, ते जोरात चाललं. पण दादानं एकदा तरी टेबल मागावं आणि तेच दोन शब्द ऐकून परत जावं, ही बाईंची हौस काही फिटली नव्हती. दादा येतच नव्हता.

"आला तर जेवू घालू की त्याला," नवरा म्हणाला.

"तुम्ही कांदा चिरा," बाई म्हणाल्या.

तिसरी एक मुलगी आली. तिनं यंत्रणेचं कौतुक केलं नाही. वही उघडली आणि नको असलेल्या माणसाचं नाव आणि नंबर विचारला. नंबर लिहिताना ती जराशी थांबली. मग म्हणाली, "यांना काय ऐकवायचं?"

"जागा नाही. मोठ्या अक्षरात."

"बरं. आणि हे येणार किती वेळा?"

"येतोय कसला. रोज यावा मेला. नाक घासत यावा."

"रोज," मुलीनं लिहून घेतलं. "नाक घासत. तीन महिने वापरून बघा, मग ठरवा."

इतकं नीट ऐकून घेणारं माणूस बाईंना बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे सही ठोकली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाला पडद्यावर दादाचं नाव उमटलं. एका माणसासाठी टेबल. खाली मोठ्या अक्षरात उत्तर गेलेलं, जागा नाही. बाईंनी ते चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, मग स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला वाचून दाखवलं.

त्यानंतर दादा रोज येऊ लागला. दहाच्या ठोक्याला. अर्जाखाली विशेष सूचनांची जागा होती, तिथे तो काहीबाही लिहायचा. पहिल्या आठवड्यात, ‘कोपऱ्यातलं टेबलही चालेल.’ महिन्याभरानं, ‘उभ्यानं जेवीन.’ दोन महिन्यांनी, ‘नुसता वास घेऊन जाईन.’

"तुझा दादा असं बोलत नाही गं," नवरा म्हणाला.

"उपाशी माणूस कसाही बोलतो."

बाईंची तब्येत सुधारली. गुडघे दुखायचे थांबले. नोकरांना त्या नावानं हाक मारू लागल्या, त्यामुळे नोकर घाबरले.

आणि मग एका सकाळी दहा वाजले, सव्वादहा वाजले, आणि दादा आलाच नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी सूप खारट म्हणून परत पाठवलं. सूप अजून केलेलंच नव्हतं.

"आजारी असेल," नवरा म्हणाला.

"आजाऱ्याला फोन धरता येतो. त्यानं नाद सोडलाय. मी अजून घालवलेलं नाही, आणि हा आपणहून जातो म्हणजे काय?"

चौथ्या दिवशी दुपारची गर्दी ओसरल्यावर बाई दोन गल्ल्या ओलांडून दादाच्या हॉटेलात शिरल्या. दादा गल्ल्यावर बसला होता. केस पांढरे झाले होते, पण चेहऱ्यावर तेज होतं. बाईंना बघून तो सावकाश हसला.

"काय गं, दमलीस? तीन दिवस फिरकली नाहीस."

"मी? तू का थांबलास ते सांग."

"मी कशाला येतोय तुझ्याकडे? मेलो तरी यायचो नाही. तूच रोज दारात. हे बघ." त्यानं पडदा तिच्याकडे फिरवला.

बाईंचं नाव. एका माणसासाठी टेबल. ‘कोपऱ्यातलं टेबलही चालेल.’ ‘उभ्यानं जेवीन.’ ‘नुसता वास घेऊन जाईन.’ प्रत्येकाखाली मोठ्या अक्षरात, जागा नाही.

बाईंनी आपला फोन काढून दादाच्या नावाचे तेच अर्ज त्याच्या पडद्याशेजारी धरले. मग दादानं फोन लावला आणि आवाज मोठा करून गल्ल्यावर ठेवला.

"हो साहेब," तीच मुलगी म्हणाली. "तुमचे आणि ताईंचे, दोघांचेही तीन महिने याच आठवड्यात संपले. म्हणून बंद झालंय. पुढे चालू ठेवायचं का?"

दादानं बाईंकडे बघितलं. बाईंनी दादाकडे.

"ठेव," दादा म्हणाला. "पण हिला माझ्याकडे दिवसातून दोनदा पाठव."

"याला माझ्याकडे तीनदा," बाई फोनवर वाकून म्हणाल्या. "आणि जरा रडव."